टेंडरची तक्रार फुकट का जाते? या चुका टाळा

टेंडरच्या तक्रारींचा एक ठरलेला साचा असतो. वर मुख्यमंत्र्यांपासून लाचलुचपत विभागापर्यंत सगळ्यांची नावं, मजकुरात ‘कोट्यवधींचा भ्रष्टाचार’ दोनदा-तीनदा, आणि निविदा क्रमांक कुठेच नाही. अशा पत्राला आवक क्रमांक मिळतो. मग ते ‘उचित कार्यवाहीस्तव’ प्रवास करत, ज्या खात्याविरुद्ध लिहिलं त्याच खात्याच्या टेबलावर येऊन पडतं.

काम कोणाचं, हे न बघणं

आपल्याकडे ठाणे-नवी मुंबईत ही चूक सर्वात जास्त होते, कारण एका शहरात चार-पाच सरकारी यंत्रणा काम काढतात. नेरुळमधलं गटार नवी मुंबई महापालिकेचं, उलव्यातलं काम सिडकोचं असू शकतं, महापे-रबाळे पट्ट्यात एमआयडीसी असते आणि न्हावा-शेव्याचं बंदर केंद्राचं. घोडबंदर रोडला मेट्रोचे खांब एमएमआरडीएचे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे), तर पलीकडच्या गल्लीतला रस्ता ठाणे महापालिकेचा.

प्रत्येकावर देखरेख करणारा वेगळा. केंद्रीय दक्षता आयोगाला लिहिलं की मोठं काम झालं असं अनेकांना वाटतं. पण त्या आयोगाची हद्द केंद्राच्या संस्थांपुरती आहे. बंदराच्या टेंडरला तो चालेल, महापालिकेच्या किंवा सिडकोच्या नाही. सिडको ही राज्य सरकारची कंपनी, तिचा स्वतःचा दक्षता विभाग आहे आणि तिचे हिशेब कॅगच्या, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांच्या, कक्षेत येतात. महापालिकेत आतून मुख्य लेखापरीक्षक आणि वरून मंत्रालयातला नगरविकास विभाग. पालिकेचा बेकायदा ठराव किंवा आदेश स्थगित अथवा विखंडित (रद्द) करण्याचा अधिकार राज्य सरकारला महापालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली आहे. म्हणून पत्रात नुसती ‘चौकशी करा’ अशी विनवणी नको. कुठला ठराव, कुठल्या तारखेचा, तो का विखंडित करावा, हे लिहा.

‘खरेदी कायदा मोडला’ असं मोघम लिहिणं

असा एकच कायदा देशात नाही. २०१२ साली लोकसभेत मांडलेलं सार्वजनिक खरेदी विधेयक मंजूर न होताच बारगळलं. तमिळनाडूने १९९८ मध्ये आणि कर्नाटकने १९९९ मध्ये स्वतंत्र कायदे केले, महाराष्ट्राने केला नाही. आपल्याकडचा आधार म्हणजे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, राज्याची १ डिसेंबर २०१६ ची खरेदी नियमपुस्तिका, निरनिराळे शासन निर्णय आणि निविदेतल्या अटी. केंद्राच्या वित्तीय नियमांचा हवाला महापालिकेविरुद्ध दिला, तर समोरचा अधिकारी पहिल्या परिच्छेदातच सुटतो. माझ्या मते सगळ्यात धारदार हत्यार निविदेची अटच: अट क्रमांक अमुक, त्यात हे मागितलं होतं, पात्र ठरवलेल्याने ते दिलेलं नाही.

टेंडरच काढलं नाही म्हणजे घोटाळा, असंही धरून चालू नका. आणीबाणीत आयुक्तांना कलम ६७(३)(क) खाली थेट काम करून घेता येतं. मात्र काय केलं, का केलं आणि किती खर्च आला, हे त्यांनी लगेच स्थायी समितीला व महासभेला कळवायचं असतं. तो अहवाल मागा. (नालेसफाई आणीबाणीत बसवली असेल तर जरूर मागा. पावसाळा काही अचानक येत नाही.)

कार्यादेश (काम सुरू करण्याचा आदेश) निघाल्यावर जागं होणं

जाचक अटींवर हरकत निविदापूर्व बैठकीत घ्यायची, अपात्रतेवरची तांत्रिक लिफाफा (पात्रतेची कागदपत्रं) उघडल्यावर लगेच. काम सुरू झालं की ‘जनहित’ हा शब्द ठेकेदाराच्या बाजूने बोलू लागतो.

घोडबंदरचंच उदाहरण घ्या. गायमुख ते फाउंटन हॉटेल बोगदा आणि पुढे भाईंदरपर्यंतचा उन्नत रस्ता, या एमएमआरडीएच्या दोन निविदांत लार्सन अँड टुब्रो तांत्रिक टप्प्यात बाद झाली. कंपनी ताबडतोब कोर्टात गेली. उच्च न्यायालयात दिलासा मिळाला नाही, पण मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रश्न विचारल्यावर एमएमआरडीएने दोन्ही निविदा रद्द केल्या. काम प्रत्यक्ष सुरू झालेलं असतं तर हे इतकं सोपं गेलं नसतं.

कोर्टात जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. १९९४ च्या टाटा सेल्युलर निकालापासून न्यायालय प्रामुख्याने निर्णयाची पद्धत तपासतं; कोणता ठेकेदार चांगला, हे ठरवत बसत नाही.

एसीबीकडे सगळंच नेणं

कोणी लाच मागितली तर एसीबीच्या, म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या, १०६४ वर फोन करा. सापळा लावायला पूर्वमंजुरी लागत नाही. पण ‘चुकीच्या ठेकेदाराला काम दिलं’ ही तक्रार अधिकृत निर्णयाबद्दलची आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १७अ मुळे तिच्या चौकशीला आधी सरकारची मंजुरी लागते, आणि फाइल तिथेच अडकते.

ठेकेदारांनीच आपसात रिंग केली असेल, तर दार तिसरंच: भारतीय स्पर्धा आयोग. पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रकल्पांच्या निविदांत संगनमत केलेल्या कंपन्यांना या आयोगाने २०१८ मध्ये दंड केला होता.

माहिती अधिकारात ‘सर्व कागदपत्रे द्यावीत’

महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांचा. आधी महाटेंडर्स या राज्याच्या निविदा पोर्टलवर त्या निविदेची स्थिती बघा, लॉगिन लागत नाही. मग जे तिथे नाही तेवढंच मागा: तुलनात्मक तक्ता, तांत्रिक छाननीचा अहवाल, शुद्धिपत्रकांमागची टिपणी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा, आणि त्या अर्जाची पोच तक्रारीला जोडा.