पार्टिकल की कंडेन्स्ड मॅटर? एमेस्सीला आलेल्यांसाठी थोडं

एमेस्सी फिजिक्सला आलं की वर्गात आपोआप वाटणी होते, टॉपर मंडळी पार्टिकल फिजिक्स म्हणतात आणि उरलेले सॉलिड स्टेटला (म्हणजे कंडेन्स्ड मॅटरलाच, घन वगैरे पदार्थांचं फिजिक्स) जातात, कारण तिकडे सर्न (जिनिव्हाजवळची कणांच्या टकरींची प्रयोगशाळा) आणि इकडे क्रिस्टल लॅटिसची आकडेमोड असं डोक्यात बसलेलं असतं. मी सुपरकंडक्टरच्या (खूप थंड केल्यावर विजेला शून्य रोध देणारे पदार्थ) थिअरीत पीएचडी केली आणि त्यातला बराचसा वेळ क्वांटम फील्ड थिअरीच (कणांना फील्डमधली कंपनं मानणारी, पार्टिकलवाल्यांची समजली जाणारी थिअरी) करत होतो, म्हणून सांगतो, निवडायच्या आधी जरा थांबा.

दोन्हीकडच्या कल्पना कशा एकच असतात त्यासाठी हिग्ज मेकॅनिझमचंच बघा ना, म्हणजे कणांना वस्तुमान कसं मिळतं ते. 1957 ला सुपरकंडक्टरची बीसीएस थिअरी (बार्डीन, कूपर, श्रीफर यांची) आली, इलेक्ट्रॉनच्या जोड्या जमतात वगैरे. नांबू या थिअरिस्टने तिच्यातली सिमेट्री ब्रेकिंगची (नियमांत असलेली सिमेट्री प्रत्यक्ष अवस्थेत मोडते) आयडिया उचलून पार्टिकलमध्ये नेली, पण तिथे गोल्डस्टोनचं प्रमेय आडवं आलं, म्हणजे सिमेट्री मोडली तर वस्तुमान नसलेला कण निघायलाच पाहिजे आणि तसा तर कुठे दिसत नव्हता. 1963 ला कंडेन्स्ड मॅटरवाला फिलिप अँडरसन म्हणाला की अरे सुपरकंडक्टरमध्ये कुठे उरतो तो, फोटॉन त्याला गिळून स्वतःच जड होतो (चुंबकीय क्षेत्र आत खोल शिरत नाही ते यामुळेच). पुढच्याच वर्षी ब्राउट, एंगलर्ट, हिग्ज यांनी रिलेटिव्हिटी पाळून हे मांडलं, आणि 125 जीईव्हीचा (जीईव्ही म्हणजे अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट) हिग्ज कण मिळायला 2012 उजाडलं. त्याच्या कितीतरी आधी, 1980 च्या आसपास, निओबियम डायसेलेनाइड या सुपरकंडक्टरच्या रामन स्पेक्ट्रममध्ये (विखुरलेल्या प्रकाशाची मोजणी) हिग्जचा भाऊ, म्हणजे सुपरकंडक्टरमधलं तसंच कंपन, दिसून गेला होता, लिटलवुड आणि चंद्र वर्मा यांनी त्याचा अर्थ लावला. एनर्जी काही मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट फक्त!



तर करायचं काय? स्टॅट मेक (स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स) पक्कं करा, मग सेकंड क्वांटायझेशन (पुष्कळ कणांचं क्वांटम गणित), मग बीसीएसचा गॅप (जोडी मोडायला किती एनर्जी लागते ते ठरवणारा) स्वतः कागदावर काढा, नुसतं वाचून काही होत नाही. त्यानंतर हिग्ज मेकॅनिझम वाचलात तर निम्मं ओळखीचं वाटेल. कंडेन्स्ड मॅटरला जाणार असलात तरी फील्ड थिअरीचा कोर्स सोडू नका, आणि उलटंही तेच. पीएचडीच्या प्रवेशाला चालणाऱ्या जेस्ट, गेट, टीआयएफआरची जीएस या परीक्षांना तसाही बेसिक अभ्यासक्रम जवळपास एकच, त्यामुळे पहिल्या वर्षीच शिक्का मारून घ्यायची घाई नको. समर प्रोजेक्टसाठी मेल टाकताना मात्र "मला थिअरी आवडते" एवढंच लिहू नका, तुम्ही कुठलं कॅल्क्युलेशन स्वतः केलंय ते लिहा, उत्तर यायचा चान्स तिथेच असतो.