कोकणातलं जुनं घर घ्यायचंय? आधी या चुका टाळा

जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे पडवी, मागे विहीर आणि चार माड. असं घर बघायला मुंबई-पुण्याची मंडळी मे महिन्यात येतात, आंबे खाता खाता सौदा ठरवतात आणि परतायच्या आधी टोकन देऊन मोकळी होतात. मे महिन्यात कोकणातलं कुठलंही घर चांगलंच दिसतं हो. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्येच. घर बघायचं ते जुलैत, झड लागलेली असताना. विहीर मात्र मे महिन्यातच बघायची. विकणारा नेमकं उलट दाखवतो.

घरपट्टीची पावती बघून भुलणं

ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर नाव आहे म्हणजे घर त्याचं, असं धरून चालणारे पुष्कळ. तो उतारा कर कोण भरतो एवढंच सांगतो. मालकीचा माग काढायचा तो सातबारा, फेरफार आणि जुन्या खरेदीखतांवरून. गावठाणातल्या घरांसाठी 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून मालमत्ता पत्रकं देण्याचं काम सुरू झालं. त्या गावात पत्रक निघालंय का, ते विचारा. पण कोकणातल्या वाड्या विखुरलेल्या, त्यामुळे बरीच घरं गावठाणाबाहेर, शेतजमिनीतच उभी आहेत. जमीन शेतीची असेल आणि तुम्ही शेतकरी नसाल, तर कूळकायद्याचं कलम 63 आडवं येतं. ‘बघू नंतर, होतं सगळं’ म्हणणाऱ्या एजंटाला तिथेच नमस्कार करावा.

सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना लोक वाचतच नाहीत. बँकेचा बोजा, कुळाचं नाव, ‘कलम 43 च्या बंधनास पात्र’ (म्हणजे कूळकायद्याने मिळालेल्या जमिनीच्या विक्रीवर बंधन) असा शेरा, क्वचित विहिरीतला वाटा, हे सगळं तिथेच सापडतं. वकिलाकडून 30 वर्षांचा शोध अहवाल घ्या आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. नोटिशीचा खर्च फार नसतो, पण ती वाचून मुंबईतला एखादा चुलता नक्की जागा होतो. तो आत्ताच जागा झालेला बरा.

एका भावाची सही पुरेशी मानणं

सगळ्यात महाग पडते ती ही चूक. कोकणातलं जुनं घर सहसा एकट्याचं नसतं. आजोबांच्या नावावरून वारस लागलेले, त्यातले काही मुंबईत, कोणी बडोद्याला, बहिणींची नावं फेरफारात घातलीच नाहीत. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलासारखाच, आणि वडील आधी वारले असले तरी तो हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे. तेव्हा ‘बहिणी काही बोलणार नाहीत’ हे तोंडी आश्वासन कामाचं नाही. त्यांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं.

काही जण धीटपणे एका भावाचा फक्त हिस्साच विकत घेतात. हे तर मुळीच करू नका. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने घेतला, तरी त्याला बाकीच्यांबरोबर एकत्र ताबा मागता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 44 मध्ये तसं लिहिलेलं आहे. वाटपाचा दावा लावलात, तर 1893 च्या वाटप कायद्याखाली बाकीचे हिस्सेदार तुमचाच हिस्सा मूल्यांकन करून विकत घेऊ शकतात. दरम्यान कोर्टाच्या तारखा आणि गळणारं छप्पर तुमच्या वाट्याला.

कागदात न दिसणारी एक गोष्ट विचारून घ्या: या घरात गणपती येतो का? घराण्याचा गणपती मूळ घरात येत असेल, तर चतुर्थीला सगळी भावकी तिथे जमते. घर विकल्यावर तो कुठे बसणार, हे त्यांनी आपसात ठरवलेलं नसेल, तर घर विकायचंही त्यांचं ठरलेलं नाही असं समजा.

ओल दिसली की रंगाचा विचार करणं

विकायच्या आधी भिंतीला नवा रंग लागलाच असेल, तर शंका घ्या. ओल कुठे आहे यावरून दुखणं कळतं. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच असेल, तर पाणी जोत्यातून वर चढतंय किंवा पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या मुळाशीच पडतंय. हे त्यातल्या त्यात सोपं: पाखी, म्हणजे छपराची भिंतीबाहेर आलेली कड, लांबवायची, भिंतीपासून दूर गटार काढायचं. वर भिंत छपराला मिळते तिथे ओघळ असतील, तर कौलं सरकलेली किंवा फुटलेली. माकडांचा उपद्रव असलेल्या गावांत हे नेहमीचंच. फक्त पश्चिमेच्या भिंतीवर मधोमध डाग म्हणजे झडीचा मार. पूर्वी तिथे पावसाळ्याआधी माडाच्या झावळ्यांचे झाप बांधायचे. ते बंद झालं की भिंत भिजणारच.

याच्यावर लोक करतात काय, तर सिमेंटचा जाड गिलावा. जांभा दगड सच्छिद्र, जुना सांधा मातीचा नाहीतर चुन्याचा. भिंत पाणी पिते आणि हवेत सोडते. तिला सिमेंटने कोंडलं की पाणी आतच राहतं, दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात आणि आतली माती ढिली होते. चुन्याचा गिलावा करणारा गवंडी शोधावा लागतो, वेळ जातो, तरी तोच करावा.

लाकूड वरवर बघणं

वासा मधोमध मजबूत दिसतो. वाळवी लागते ती जिथे तो भिंतीत शिरतो तिथे. शिडी लावून त्या टोकाला स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. भरीव आवाज आला तर ठीक, ढबढब आला तर पातं टोचून बघा, कित्येकदा ते लोण्यात गेल्यासारखं आत जातं. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या म्हणजे वाळवी. खाली पिठासारखा भुसा म्हणजे भुंगा. दोन्हींचे उपाय वेगळे, म्हणून आधी ओळखा. मग अंगणात उभं राहून आढ्याची रेघ बघा. मधेच खचली असेल, तर कौलांचं नाही, सांगाड्याचं काम आहे, आणि दोन्हींच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर जाणारी, वर रुंद होत गेलेली भेग दिसली, तर पाया खचतोय का ते अभियंत्याकडून तपासून घ्या. भिंती शाबूत आणि छप्पर मोडकळीला आलेलं घर घ्यायला हरकत नाही, किंमत पाडून मिळतं. छप्पर छान पण जोतं हललेलं घर माझ्या मते फुकट मिळालं तरी नको.

जुनी कौलं टाकून स्लॅबची स्वप्नं बघणं

मातीच्या सांध्याच्या जुन्या भिंतींवर स्लॅब टाकायचा नाही, विषय संपला. कौलंही घाईने फेकू नका. मंगलोरमध्ये बासेल मिशनने 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर असे कितीतरी कारखाने निघाले, आणि बऱ्याच कौलांच्या पाठीवर कारखान्याचं नाव आणि खूण उमटवलेली असते. प्रत्येकाच्या साच्याची खाच थोडी वेगळी. वेगवेगळ्या साच्यांची कौलं एका ओळीत बसवली की फट राहते आणि तिथूनच गळतं. म्हणून उतरवतानाच खुणा बघून ढीग वेगळे लावायचे, कमी पडतील तेवढी त्याच साच्याची शोधायची. गावात कोणी छप्पर काढून पत्रे घातले असतील, तर ती कौलं मिळून जातात.

गाडी कुठवर येते ते न विचारणं

घरापर्यंत नुसती पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची पायवाट असेल, तर चिरा, वाळू, सिमेंट सगळं डोक्यावरून न्यावं लागतं आणि अंदाजपत्रक तिथेच कोसळतं. वाट दुसऱ्याच्या जमिनीतून असेल, तर वहिवाटीचा हक्क खरेदीखतात लिहून घ्या. ठरलेल्या खर्चावर निदान चौथा हिस्सा वेगळा राखून ठेवा. वायरिंग बहुधा अख्खं बदलावं लागतं, जुन्या घरात अर्थिंग धड नसतं.

आणि पहिला पैसा न्हाणीघराच्या टाइल्सवर घालू नका. आधी छप्पर, मग पाण्याचा निचरा, वायरिंग, फरशी शेवटी. छप्पर दिवाळीनंतर उघडायचं आणि मार्चअखेर झाकायचं. एप्रिल-मेमध्ये गडी आंब्याच्या बागांत असतात, शिमग्यात कोणी कामाला येत नाही, आणि चांगल्या सुताराच्या तारखा तर दसऱ्यालाच भरलेल्या असतात.