थंडीत घरातला ऑक्सिजन सिलिंडर : या चुका टाळा

बाबांना घरी ऑक्सिजन लागतो आणि आम्ही राहतो निफाडजवळ, इथे डिसेंबर-जानेवारीत पारा 6-7 पर्यंत येतो, कधी त्याच्याही खाली. पहिल्या हिवाळ्यात दुपारी भरून आणलेला सिलिंडर पहाटे बघितला तर मीटरचा काटा उतरलेला, मी घाबरून गेले, गळतोय असं समजून सप्लायरला फोन केला. गळत नव्हता. गॅस गार झाला की त्याचं प्रेशर कमी होतं, आतला ऑक्सिजन तेवढाच असतो. 30 डिग्रीला 150 बार (बार हे प्रेशरचं माप) दाखवणारा सिलिंडर 7 डिग्रीला साधारण 139 दाखवतो, लेहच्या हिवाळ्यात उणे 13 असेल तर 129 च्या आसपास. ऊन वर आलं की काटा परत चढतो. आणि ऑक्सिजन आत गोठेल का अशी भीती असेल तर तो उणे 183 ला द्रव होतो, आपल्या थंडीत काही होत नाही त्याला.

खोलीचं टेम्परेचर तेच आहे, सिलिंडर बंद आहे आणि तरी काटा उतरतोय, तर मात्र गळती समजा. थंडीत वॉशर कडक होतो त्यामुळे रेग्युलेटरच्या जोडातून ऑक्सिजन सुटू शकतो. सगळ्यात आधी व्हॉल्व्ह बंद करा, खिडकी उघडा, पेशंटला दुसऱ्या सिलिंडरवर घ्या आणि सप्लायरला बोलवा. किल्ली घट्ट फिरत असेल तर हातोडी मारू नका, उकळतं पाणी ओतू नका, सिलिंडर घरात घेऊन थोडा वेळ तसाच राहू द्या. उघडताना कायम हळूहळू उघडायचा.

म्हणजे थंडी सिलिंडरचं फार काही बिघडवत नाही, थंडीपासून वाचवायला आपण जे करतो ना, खरा धोका त्यातच आहे. सिलिंडरला गोधडी गुंडाळलेली मी दोन घरांत बघितली आहे, मायेनं केलेलं असतं, पण जोडातून थोडा जरी ऑक्सिजन सुटत असेल तर तो त्या कापडात मुरतो आणि मग एका ठिणगीला गोधडी भडकते. पेशंटच्या पांघरुणाचंही तेच, नळी नाकातून काढून चालू ठेवून पांघरुणात टाकू नका, आधी फ्लो बंद करा.

शेगडी, रूम हीटर, दारातली शेकोटी, उदबत्ती, देवापुढचं निरांजन, हे सगळं कमीत कमी 10 फूट लांब. बिडी-सिगारेट त्या खोलीत अजिबात नको, पाहुण्यांना स्पष्ट सांगा, वाईट वाटलं तर वाटू द्या. आणि थंडी आहे म्हणून खिडक्या गच्च लावून सिलिंडर कपाटात किंवा जिन्याखाली कोंडू नका. हवेत ऑक्सिजन साधारण 21 टक्के असतो, तो दोन-तीन टक्क्यांनी जरी वाढला तरी आग जोरात पेटते, म्हणून वरची खिडकी फटीएवढी उघडी पाहिजेच.

आता थंडीतली खास चूक : तेलकट हात. हात फुटतात म्हणून आपण खोबरेल तेल, कोल्ड क्रीम लावतो आणि त्याच हातानं रेग्युलेटर बसवतो. जोरात सुटणाऱ्या ऑक्सिजनमध्ये तेल-ग्रीस आपोआप पेट घेऊ शकतं. हात साबणानं धुवून कोरडे करा, मगच व्हॉल्व्हला हात लावा, आणि व्हॉल्व्ह घट्ट झाला म्हणून शिलाई मशीनचं तेल तर कधीच सोडू नका. बाबांच्या नाकाची त्वचा नळीनं सोलवटायची तेव्हा मी व्हॅसलिन लावत होते, डॉक्टरांनी ते थांबवून पाण्यावर आधारित जेल दिलं.

रिकाम्या सिलिंडरचा व्हॉल्व्हसुद्धा बंदच ठेवा, नाहीतर रात्री गार झाला की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते आणि आतून गंज धरतो. भरलेले आणि रिकामे वेगळे ठेवा, चिठ्ठी लावा.

आमच्याकडे आता दोन्ही सिलिंडर बाबांच्या खोलीत भिंतीला साखळीनं बांधून उभे असतात, खाली लाकडी फळी, कारण अंगणातल्या दवानं बूड गंजत होतं. छोटा सिलिंडर 1500 लिटरचा, मिनिटाला 2 लिटरनं साडेबारा तास जातो, त्यामुळे रात्री झोपताना मी काट्यापेक्षा लावल्याची वेळ बघते, ती शेजारच्या कॅलेंडरवर लिहिलेली असते.