बाभळीवरचं खूर आणि केओएचचा एक थेंब : लाकूड कुजवणाऱ्या बुरशीवर काम सुरू करताय तर

दर जूनमध्ये एमएस्सीच्या कुणा ना कुणाचा मेसेज येतोच, ताई प्रोजेक्टला बुरशी घ्यायचीय पण सोलापुरात काय मिळणार, इथं पाऊसच नाही, आंबोली महाबळेश्वरला जावं लागेल का. तर नाही. कुठं जायची गरज नाही. मी जुळे सोलापूरची, पीएचडीचं जवळपास सगळं कलेक्शन याच जिल्ह्यातलं आहे, आणि वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आपल्या भागात हायमेनोकीटेसी नावाची फॅमिली मजेत जगते हे मी स्वतः हाताळून सांगतेय. नाजूक छत्र्या दोन दिवसात विरघळून जातात, त्यांच्यामागं धावायला पाऊस पाहिजे, पण या फॅमिलीतल्या बऱ्याच बुरशींची फ्रूट बॉडी, म्हणजे झाडावर बाहेर दिसणारा भाग, लाकडासारखी टणक असते आणि वर्षानुवर्षं झाडावर टिकते, उन्हाळ्यात थांबते, पाऊस आला की खालच्या बाजूला छिद्रांचा नवीन थर चढवते. म्हणजे एप्रिलच्या बेचाळीस डिग्रीतसुद्धा ती तिथंच असते, तुम्ही बघायला जायचा अवकाश.

मला पहिली सापडली ती हिप्परग्याला, एकरुख तलावाच्या बाजूच्या एका जुन्या बाभळीवर. जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर, वरून काळी भेगाळलेली, कडेला गंजाच्या रंगाची, हुबेहूब घोड्याच्या टापेसारखी. शेळ्या घेऊन आलेले एक आजोबा म्हणाले, "ते खूर हाय बाळा, खूर आलं की झाड आतनं पोकळ झालं म्हणायचं," आणि त्यांनी काठीनं खोडावर ठोकून दाखवलं, खरंच भद्द आवाज आला. नंतर कळलं की आजोबा जे बोलले तेच पुस्तकात हार्ट रॉट म्हणून लिहिलंय. भारतीय वनरोगशास्त्राच्या जुन्या लिखाणात खैर आणि बाभळीचा गाभा कुजवणारी म्हणून फेलिनस बॅडियसचं नाव येतं. गाभ्याचं लाकूड तसंही मेलेलं असतं, पाणी वाहायचं काम बाहेरचा थर करतो, म्हणून आतून पोकळ झालेलं झाड पुढं कितीतरी वर्षं हिरवंगार दिसत राहतं आणि मग एखाद्या वळवाच्या वाऱ्यात अर्ध्यातून मोडतं. बुरशी म्हणून आपण जे तोडून आणतो ती फक्त तिची फ्रूट बॉडी, खरी बुरशी लाकडाच्या आत तंतूंच्या रूपात पसरलेली असते हे डोक्यात पक्कं ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरी आणल्यावर आधी नाव शोधायला बसू नका. करवतीनं उभी कापा. माझी कापली तेव्हा आत दालचिनीच्या पुडीसारखा रंग आणि खाली एकावर एक नळ्यांचे थर, चपातीच्या पदरासारखे. त्या आतल्या भागावर पाच टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब टाकायचा, लॅबमध्ये सगळे केओएचच म्हणतात. थेंब पडला की तो भाग आधी लालसर झाल्यासारखा वाटतो आणि बघता बघता काळा पडतो, आणि तो काळा रंग परत जात नाही. याला झँथोक्रोइक रिअॅक्शन म्हणतात आणि या फॅमिलीची ही सगळ्यात सोपी ओळख. हिस्पिडिनसारखी पिवळी-तपकिरी स्टायरिलपायरोन रंगद्रव्यं या बुरशीत असतात, अल्कलीत त्यांचा रंग बदलतो. (केओएच हाताला लागू देऊ नका, बुळबुळीत वाटतं आणि नंतर सालटी निघतात.)

एका थेंबावर मात्र फॅमिली ठरवायची नाही. सोबत तीन गोष्टी बघायच्या. एक म्हणजे तंतूंच्या जोडावर क्लॅम्प नसतो, क्लॅम्प म्हणजे दोन पेशींच्या मधल्या पडद्यापाशी दिसणारी छोटी कडी, इतर बऱ्याच पॉलिपोरमध्ये (खाली छिद्रं असलेल्या बुरशींमध्ये) ती दिसते, हायमेनोकीटेसीत नाही. दुसरं, कुज पांढरी असते, म्हणजे लाकडातलं लिग्निन आणि सेल्युलोज दोन्ही खाल्लं जातं, लाकूड फिकट, मऊ, तंतूतंतू होतं, उलट ब्राऊन रॉटमध्ये लिग्निन मागे राहतं आणि लाकडाचे तपकिरी चौकोनी तुकडे पडतात. तिसरं सीटा, छिद्रांच्या आतल्या अस्तरातून बाहेर आलेले जाड भिंतीचे गडद तपकिरी टोकदार काटे. पहिल्यांदा चाळीसच्या लेन्सखाली सीटा दिसला तेव्हा मी मैत्रिणीला हाक मारून दाखवला होता, इतका स्पष्ट, बाभळीच्या काट्यासारखाच. पण हे लक्षात ठेवा की सीटा सगळ्यांत नसतात. फल्विफोमेसमध्ये नसतातच, म्हणून "सीटा नाहीत म्हणजे ही फॅमिली नाही" असं करू नका, माझ्या बॅचमध्ये दोघांनी असंच करून चांगली स्पेसिमेन बाजूला टाकली होती.

मायक्रोस्कोपीला फार खर्च नाही. दाढीचं नवीन ब्लेड, दोन सुया, केओएच, कॉटन ब्लू हा रंग, आणि मेल्झर हे आयोडीनचं द्रावण मिळालं तर सोनं. मेल्झरमध्ये क्लोरल हायड्रेट लागतं आणि ते कॉलेजला सहज मिळत नाही, त्यामुळे जिथं आधीपासून आहे अशा लॅबमध्ये आधीच विचारून ठेवा, शेवटच्या महिन्यात धावपळ करू नका. आता तंतूंचा विषय, इथं नवीन मुलं अडकतात. माझे बाबा यंत्रमागावर होते, चादरीच्या कारखान्यात, तर मला हे त्यांच्यामुळे समजलं. फ्रूट बॉडी म्हणजे एक विणलेलं कापडच आहे. पातळ भिंतीचे, पडदे असलेले, फांद्या फुटणारे तंतू म्हणजे जनरेटिव्ह हायफी, त्यांच्यापासूनच बाकी सगळं तयार होतं. जाड भिंतीचे, लांबलचक, फारशा फांद्या नसलेले ते स्केलेटल, त्यांनी कडकपणा येतो. फक्त पहिला प्रकार असेल तर मोनोमिटिक, दोन्ही असतील तर डायमिटिक. केओएचमध्ये छोटासा तुकडा ठेवून दोन सुयांनी हळूहळू उसवायचा, घाई केली की सगळं तुटतं आणि सगळं सारखंच दिसतं. मी घरी एकदा असा तुकडा भिंगाखाली उसवत होते, बाबा मागून बघत म्हणाले हे तर सूत आहे, यात एक धागा पीळ धरतोय आणि एक नुसता उभा आहे. स्लाइड बघायच्या आधीच त्यांनी डायमिटिक सांगितलं होतं.

वर्गीकरणाचा इतिहास थोडा तरी वाचाच, त्याशिवाय नावं का बदलतात ते कळत नाही आणि वैताग येतो. बुरशीशास्त्रज्ञ एलियास फ्रीसच्या काळात, म्हणजे १८२१ नंतर बराच काळ, बाहेरून जे दिसतं त्यावर गट पडायचे, छिद्रं असली की पॉलिपोर, दात असले की वेगळा गट, सपाट असली की वेगळा. पण या फॅमिलीत सपाट हायमेनोकीटी आहे, छिद्रंवाली फेलिनस आहे, आणि सगळ्या केओएचला काळ्या पडतात, म्हणजे बाहेरचं रूप वेगळं असलं तरी घर एकच. बुरशीशास्त्रज्ञ डोंक यांनी १९४८ मध्ये ही फॅमिली मांडली. त्यानंतर कितीतरी वर्षं विद्यार्थ्यांना शिकवलं जायचं की वर्षभरच टिकणारी, मोनोमिटिक ती इनोनोटस (कार्स्टेन, १८७९) आणि बहुवर्षीय, कडक, डायमिटिक ती फेलिनस (केले, १८८६). सोपं होतं. मग २००२ मध्ये वॅग्नर आणि फिशर यांनी डीएनएवरून दाखवलं की हे दोन्ही जीनस (प्रजातींचे गट) म्हणजे मिसळ आहे, आणि फोमिटिपोरिया, फस्कोपोरिया, फल्विफोमेस, फायलोपोरिया, इनोक्युटिस अशी वेगवेगळी घरं मान्य झाली, त्यातली काही नावं मरिल या बुरशीशास्त्रज्ञानं शंभर वर्षांपूर्वीच दिली होती पण कुणी वापरत नव्हतं.

कामाला बसताना मी असा ढोबळ अंदाज बांधते. स्पोर, म्हणजे बुरशीच्या बीसारख्या सूक्ष्म पेशी, मेल्झरमध्ये लालसर तपकिरी होत असतील आणि जाड भिंतीचे असतील तर फोमिटिपोरियाकडे बघायचं. स्पोर रंगहीन, पातळ भिंतीचे, मेल्झरला काहीच न होणारे, सीटा भरपूर आणि छिद्रांच्या कडेच्या तंतूंवर स्फटिकांचा थर असेल तर फस्कोपोरिया, आपल्याकडे पडलेल्या फांद्यांवर फस्कोपोरिया गिल्वा सापडण्याची शक्यता चांगली. सीटा नाहीत आणि स्पोरच तपकिरी असतील तर फल्विफोमेस. हा अंदाजच आहे, शेवटी पुस्तकातल्या ओळख-कीमध्ये (key) बसवून बघावंच लागतं, पण निदान कुठलं पान उघडायचं ते कळतं.

आणि होस्ट, म्हणजे बुरशी ज्या झाडावर आली ते झाड, लिहा. परत लिहिते, होस्ट लिहा. पहिल्या सीझनला मी वीसेक स्पेसिमेन आणली, सगळी प्लॅस्टिकच्या पिशवीत, वहीत काय लिहिलं तर "रस्त्याकडेचं झाड". पिशवीत घाम सुटून निम्म्यांवर ट्रायकोडर्मा नावाची हिरवी बुरशी चढली आणि एकूण अकरांचा होस्टच सांगता येईना, सुबाभूळ होती का बाभूळ होती. ती अकरा थीसिसमध्ये घेता आली नाहीत, माझं एक वर्ष मागं गेलं. होस्ट किती महत्त्वाचा त्याचं एक उदाहरण देते. चीन, कोरियात औषधी म्हणून प्रसिद्ध असलेली तुतीवरची बुरशी कितीतरी वर्षं फेलिनस लिंटियस नावानं अभ्यासली, विकली गेली, पण लिंटियसचं मूळ वर्णन निकाराग्वातल्या नमुन्यावरचं. २०१२ मध्ये तुतीवरची बुरशी वेगळीच प्रजाती निघाली, तिला सांगहुआंग हे नाव मिळालं. तसंच फेलिनस इग्नियारियस ही युरोपात मुख्यतः विलोवर येणारी प्रजाती, आपल्या जुन्या याद्यांमध्ये हे नाव दिसलं की जपून घ्या, आणि तुमच्या लेबलवर तर पुराव्याशिवाय लिहूच नका. (कोकणात फणसावरची फणसोंबा नावाची बुरशी उगाळून बाळांना लावतात, ती पण याच नात्यातली. अभ्यास करा, पण न ओळखता कुणाला औषध म्हणून देऊ नका.)

त्यामुळे आता मी कागदी पिशवी नेते, झाड जिवंत आहे का मेलेलं, खोड का फांदी का मूळ, जमिनीपासून उंची, जीपीएस, फोटो वरून, खालून, कापून, हे सगळं झाडाखाली उभं राहूनच लिहिते. झाड ओळखता येत नसेल तर पान आणि शेंग सोबत आणते. चाळीस ते पन्नास डिग्रीला वाळवायचं, नंतर फ्रीझरमध्ये ठेवून किडे मारायचे, नाहीतर सहा महिन्यांनी डब्यात नुसता भुसा मिळतो. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीशिवाय एक फांदीसुद्धा उचलू नका. चांगली स्पेसिमेन पुण्याला आघारकर संशोधन संस्थेच्या आजरेकर हर्बेरियममध्ये (वाळवलेले नमुने जपायच्या संग्रहात) जमा करता येतात, नंबर मिळाला की पेपरला वजन येतं.

डीएनएबद्दल थोडक्यात. २०१२ पासून आयटीएस हा डीएनएचा तुकडा बुरशींचा अधिकृत बारकोड मानला जातो आणि हल्ली सगळ्यांना वाटतं सिक्वेन्स केला की झालं. माझ्या पहिल्या सहा सॅम्पलपैकी चारांचा सिक्वेन्स ट्रायकोडर्माचा आला, कारण मी तुकडा पृष्ठभागावरून घेतला होता. ताजी फ्रूट बॉडी मोडून आतल्या भागातून घ्या, तपकिरी रंगद्रव्यं पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवायची प्रक्रिया) अडवतात म्हणून डीएनए दहा पट पातळ करून पण लावून बघा. आणि ब्लास्टमध्ये (सिक्वेन्स जुळवून बघायच्या ऑनलाइन शोधात) नव्व्याण्णव टक्के जुळलं तरी ज्या सिक्वेन्सशी जुळलं त्याला नाव कुणी, कुठल्या स्पेसिमेनवरून दिलं ते तपासा, चुकीची नावं तिथं भरपूर आहेत. स्लाइड आणि सिक्वेन्स एकमेकांशी भांडत असतील तर मी आधी स्लाइड पुन्हा नव्यानं बनवते.

नोकरीचं विचारतात सगळे. नुसत्या टॅक्सॉनॉमीवर जागा कमी, हे खरं आहे ते सांगितलंच पाहिजे. नेट किंवा सेट करून ठेवा, जेआरएफ नाही झालं तर सारथी, बार्टी, महाज्योतीच्या फेलोशिप बघा. पण हा विषय येणाऱ्याला झाडांच्या रोगाकडे जाता येतं, डेहराडूनची एफआरआय (वन संशोधन संस्था), बंगळुरूची लाकूड संशोधन संस्था, वनसेवेच्या परीक्षा, शहरातल्या जुन्या झाडांची तपासणी. आपल्याकडे द्राक्षवाले खूप, युरोपात द्राक्षाच्या एस्का रोगात जुन्या खोडात पांढरी स्पंजासारखी कुज करणारी फोमिटिपोरिया मेडिटेरेनिया ही याच फॅमिलीतली आहे, त्यामुळे बार्शी पंढरपूरकडचा शेतकरी बागेतलं जुनं खोड कापून दाखवायला आला तर त्याच्याशी बोलता आलं पाहिजे.

माझ्याकडे कंबर तलावाजवळच्या एका कडुनिंबावरचं एक स्पेसिमेन आहे, केओएचला काळं पडतं, डायमिटिक आहे, सीटा नाहीत, आणि तीन पावसाळे झाले एकही स्पोर मिळालेला नाही. लेबलवर अजून फक्त हायमेनोकीटेसी, कडुनिंब, जिवंत खोड, उंची १.४ मीटर एवढंच लिहिलंय. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात परत जाणार आहे, नवीन थर चढला असेल तर कडेचा ताजा तुकडा घेईन, ज्यांना यायचंय त्यांनी ब्लेड आणि कागदी पिशवी घेऊन या.