अवमंदन घातल्यावर दांड्याचं सिम्युलेशन फुटत होतं: माझा अनुभव

1 मीटर लांबीचा पोलादी दांडा, एक टोक घट्ट, दुसरं मोकळं. E (लवचिकता गुणांक) = 200 गिगापास्कल, घनता 7850 किलो/घनमीटर, म्हणजे ध्वनीचा वेग सुमारे 5050 मी./से. आणि पहिली अक्षीय वारंवारता 1262 हर्ट्झ. दांड्याचे 100 भाग, एक्सप्लिसिट पद्धत (पुढची स्थिती थेट मागच्या स्थितीवरून काढणारी), कालपायरी 1.8 मायक्रोसेकंद. अवमंदन (कंपनं शमवणारा रोध, damping) नसताना सगळं सुरळीत. पहिल्या मोडला (कंपनाच्या सर्वांत सावकाश प्रकाराला) 1% अवमंदन दिलं की शेजारशेजारच्या नोडांवर (भागांच्या जोडबिंदूंवर) करवतीच्या दात्यांसारखं वर-खाली दिसायचं आणि आकडे उडायचे.

कारण कडकपणाच्या प्रमाणात घातलेल्या अवमंदनात आहे. इथे कडकपणाला गुणायचा आकडा β = 2ζ/ω (ζ अवमंदन गुणोत्तर, ω कोनीय वारंवारता, दोन्ही पहिल्या मोडचे), म्हणजे 2.5 मायक्रोसेकंद. हे अवमंदन वारंवारतेबरोबर वाढत जातं. जाळीच्या (म्हणजे या 100 भागांच्या) सर्वोच्च मोडला ζ तब्बल 1.27 होतो. अवमंदनाच्या बलासाठी वेग अर्धी पायरी मागचा घेतला, तर गणित स्थिर राहण्यासाठी कालपायरीची (Δt) मर्यादा अशी:

Δt ≤ (2/ω)(√(1+ζ²) − ζ), ω आणि ζ दोन्ही सर्वोच्च मोडचे.

अवमंदनाशिवायची 1.98 मायक्रोसेकंदांची मर्यादा त्यामुळे 0.68 वर येते. अवमंदनाने गणित स्थिरच होईल हा समज इथे सपशेल चुकतो. जाळी दुप्पट बारीक केली की मर्यादा 0.19.

पायरी 0.6 केली, चाललं. बारीक जाळीसाठी मात्र न्यूमार्क (γ = 1/2, β = 1/4; हा β वेगळा) ही पायरीवर अशी मर्यादा नसलेली पद्धत सरळ बरी पडते.

पडताळणी जरूर करा: मोकळं टोक पहिल्या मोडच्या आकारात ताणून सोडा. 10 आवर्तनांनंतर आयाम मूळच्या 53% च्या आसपास हवा.