गाडी पुसून पुसून खराब होते: लहान गाडीच्या बाबतीत या चुका टाळा

नवी गाडी घरी आली की पहिले काही महिने तिचे नुसते लाड होतात. रोज सकाळी फडका, रविवारी साबणाचं पाणी, डॅशबोर्डला पॉलिश, आरशाला सुगंधी पाकीट. वर्ष होत नाही तोवर हीच माणसं विचारायला येतात, की गाडी इतक्यात जुनी का दिसायला लागली? गाडी धुण्याच्या बाबतीत मी हट्टी आहे हे आमच्या सोसायटीत आणि नातेवाइकांत सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. धूळ बसून गाडीचं फारसं काही बिघडत नाही. ती धूळ घाईघाईने पुसली, तिथे बिघडतं.

कोरडा फडका

ही सगळ्यांत मोठी चूक, म्हणून आधी तीच.

आमच्या नाशिकची धूळ साधी नाही. अंबड-सातपूरकडे कारखान्यांची, शहरात सिंहस्थाच्या कामांसाठी उकरलेल्या रस्त्यांची, महामार्गावर खडीच्या डंपरमागून उडणारी. बॉनेटवरची धूळ दोन बोटांत चोळून बघा, बारीक कच लागते. गाडीच्या रंगावर सगळ्यांत वर एक पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही कमी. त्या थरावर तुम्ही कच पसरता, वरून फडका दाबता आणि गोल गोल फिरवता. लगेच काही दिसत नाही, हीच खरी अडचण आहे. काही महिन्यांनी रात्री पथदिव्याखाली गाडी उभी करा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसतील. काळ्या, गडद निळ्या आणि लाल गाडीवर जास्त, पांढऱ्या आणि चंदेरी गाडीवर कमी. पण असतात सगळ्यांवर.

थंडीत तर याहून वाईट होतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी गाडीवर दव पडलेलं असतं. लोकांना वाटतं, वा, आयतंच पाणी मिळालं, आणि तेच दव फडक्याने पुसून टाकतात. दव धूळ वाहून नेण्याइतकं नसतं. त्याने धुळीचा फक्त लगदा होतो, आणि तो लगदा फडक्याखाली सगळ्या पत्र्यावर फिरतो. दव आपोआप वाळू द्या. घाई असेल तर काचा आणि आरसे तेवढे पुसा आणि निघा.

सोसायटीत गाड्या पुसायला येणाऱ्या मुलांना लोक नावं ठेवतात, ते मला पटत नाही. पहाटे येऊन एका बादलीत आणि एका फडक्यात वीस-पंचवीस गाड्या उरकायच्या म्हटल्यावर तो तरी काय करणार? पहिल्या गाडीची वाळू शेवटच्या गाडीपर्यंत जाते. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी लाल रंगाची नवी हॅचबॅक घेतली, आणि गाडी रोज चकचकीत दिसली पाहिजे अशी त्या मुलाला ताकीद दिली. तो रोज पुसायचा, अगदी मनापासून पुसायचा. पुढच्या पाडव्याला काका मला म्हणाले, "अगं, शोरूमवाल्यांनी जुनी गाडी दिली की काय मला? उन्हात बघ कशी पांढरट दिसते." बॉनेट पाहिलं तर हात ठेवायला जागा नव्हती इतक्या रेघा. रबिंग करून त्या बऱ्याच कमी झाल्या. पण रबिंग म्हणजे तोच पातळ थर आणखी घासून सपाट करणं. ते पुन्हा पुन्हा करता येत नाही. काकांना मी म्हटलं, "काका, पैसे तेवढेच द्या, पण त्याला रोज पुसायला लावू नका. आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी टाकून धुवायला सांगा, आणि फडके आपल्या घरचे द्या." आता तसंच चालतं, आणि त्या मुलाचं कामही हलकं झालं.

माझी स्वतःची पद्धत अशी. गाडी सावलीत, बॉनेट हाताला थंड लागलं पाहिजे. आधी टपापासून खाली नुसतं पाणी सोडायचं, फडक्याला हात लावायचा नाही. मग दोन बादल्या, एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. फडका शॅम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात खळबळून काढायचा, मग पुन्हा शॅम्पू. हात सरळ रेषेत, गोल नाही. दरवाजांचा खालचा भाग आणि बंपर शेवटी, चाकांचा फडका वेगळा. धुऊन झाल्यावर साध्या पाण्याची बादली थोडा वेळ तशीच राहू द्या आणि वरचं पाणी हळूच ओतून टाका. तळाशी जी वाळू राहते ती बघितली, की एका बादलीत काम उरकायची इच्छा कोणालाच होत नाही.

पुसायला जुना बनियन किंवा धोतराचं फडकं नको, जाडसर मायक्रोफायबर घ्या. तो कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकू नका आणि कपडे मऊ करायचं द्रावण त्याला लावू नका, त्याने तंतू बुळबुळीत होऊन पाणी ओढेनासे होतात. आणि एकदा खाली जमिनीवर पडलेला फडका त्या दिवशी पुन्हा गाडीला लागता कामा नये. या बाबतीत मी कोणाचंच ऐकत नाही.

कपड्यांचा साबण आणि डिझेलची चमक

कपड्यांची पावडर अल्कलीयुक्त असते. ती मळाबरोबर रंगावरचा वॅक्सचा संरक्षक थरही काढते आणि रबराची कड कोरडी पाडते. गाडीच्या शॅम्पूची बाटली कित्येक महिने पुरते, तिथे पैसे वाचवू नका. काही वॉशिंग सेंटरवर गाडीच्या खाली आणि टायरवर डिझेल किंवा जुनं ऑइल मारून देतात. दोन दिवस काळंभोर दिसतं, मग त्यावर दुप्पट धूळ चिकटते आणि खालचे रबरी बुश, म्हणजे सांध्यांमधली रबरं, फुगायला लागतात. गाडी तिथे देताना "डिझेल मारू नका" हे आधीच, स्पष्ट सांगा.

बोअरच्या पाण्याने भर उन्हात गाडी धुतली की पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, पांढरे गोल डाग. डाग ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून ओला फडका मिनिटभर ठेवायचा, मग भरपूर पाण्याने धुवायचं. जुने झाले की ते रंगात उतरतात, मग पॉलिशशिवाय निघत नाहीत.

मॅटखाली काय आहे ते न बघणे

बाहेरच्या रेघांनी गाडी फक्त वाईट दिसते. आतल्या ओलीने पत्रा गंजतो. आणि आत कोणी बघतच नाही.

माझ्या आतेभावाची गाडी. घेतानाच शोरूममध्ये तळाला लॅमिनेशन मारून दिलं, म्हणजे मूळ कार्पेटवर रेक्झिनचा अखंड थर चिकटवला. वर पुन्हा जाड, कडा उंच असलेल्या मॅट. दिसायला छान, झाडायला सोपं. श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी करून सगळे ओल्या पायांनी, चिखलाच्या चपलांसकट गाडीत बसले आणि त्र्यंबकहून घरी आले. दोन-तीन आठवड्यांनी गाडीत कुबट वास यायला लागला. त्याने आधी सुगंधी पाकीट लावलं, मग जेलची डबी, मग डॅशबोर्डवर कापूर. सकाळी काचा आतून धुरकट व्हायच्या, त्या तो पुसायचा आणि ऑफिसला जायचा. गणपती उठल्यावर गाडी माझ्याकडे आली. वहिनी म्हणाली, "ताई, या गाडीत बसलं की डोकं चढतं."

डावीकडची पुढची मॅट काढली, लॅमिनेशनची कड उचकटली आणि कार्पेटवर तळहात दाबला. बोटांच्या मधून काळं पाणी वर आलं. कार्पेटखाली जाड फोम असतो, तो पूर्ण भिजलेला होता. सीटच्या बोल्टभोवती गंज धरला होता. पायांचं पाणी ही निम्मीच गोष्ट होती. एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी चिखलाने तुंबली होती, म्हणून ते पाणी थेंबथेंब आतच पडत होतं, आणि वरच्या रेक्झिनमुळे वाळायला वावच नव्हता. सीट काढून, कार्पेट उचलून, फोम भादव्याच्या उन्हात आणि रात्री पंख्याखाली सुकवावा लागला. त्याची सगळी सुट्टी त्यातच गेली.

तेव्हा लॅमिनेशन करू नका, शोरूमवाला फुकट देत असला तरी नको. साध्या सुट्या रबरी मॅट घ्या, पावसाळ्यात घरी आल्यावर बाहेर काढून उभ्या करा. मी जून ते सप्टेंबर मॅटखाली वर्तमानपत्र घालते आणि ओलं झालं की बदलते. आठवड्यातून एकदा चारही बाजूंच्या कार्पेटवर तळहात दाबून बघते. पावसाळ्यात एसी दहा-पंधरा मिनिटं चालवल्यावर गाडीखाली पाणी ठिबकलं पाहिजे. ठिबकत नसेल तर नळी तपासून घ्या. उन्हाळ्यात हवा कोरडी असते, तेव्हा कमी ठिबकलं तर घाबरू नका. आणि मुक्कामाला पोचण्याच्या तीन-चार मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा. एसीची आतली कॉइल वाळते आणि वास धरत नाही. काचा आतून रोज धुरकट होत असतील, तर गाडीत कुठेतरी पाणी आहे हे समजा. अत्तराच्या बाटलीने ते पाणी जात नाही.

नव्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिकही पहिल्याच दिवशी काढा. त्याखाली दमट राहून बुरशी येते. वरून कव्हर घालायचं असेल तर सीटच्या कडेला एअरबॅग आहे का ते आधी बघा. असेल तर त्या बाजूला शिवण सुटणारं, त्याच गाडीसाठी बनवलेलं कव्हर लागतं. बाजारातलं घट्ट कव्हर एअरबॅगच्या आड येतं.

दसरा आणि रंगपंचमी

पूजा जरूर करा, मीही करते. पण ओल्या हळदीचं स्वस्तिक बॉनेटवर काढून ते आठवडाभर तसंच ठेवू नका, काचेच्या कोपऱ्यावर काढा. झेंडूचा हार तारेत ओवलेला असेल तर तार रंगावर घासते, दोऱ्यात ओवलेला घ्या आणि गाडी हलवायच्या आधी काढा. नारळ गाडीपासून चार पावलं लांब फोडा, करवंटीचा तुकडा बंपरला बसला की रंग उडतो. सीटवर हळद सांडली तर आधी कोरडीच व्हॅक्यूमने ओढून घ्या. घाईने साबण लावाल तर अल्कलीमुळे पिवळा डाग लाल होतो आणि लोक आणखी घाबरून घासतात. साध्या पाण्याने टिपून घ्या आणि दारं उघडी ठेवून ऊन दाखवा, हळदीचा रंग उन्हाने उडतो.

रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या मोठ्या हौदात, उडी मारून आलेल्या माणसाला नुसत्या टॉवेलवर बसवू नका, टॉवेलमधून रंग खाली जातोच. खाली प्लास्टिक, वर जुनी चादर. खरं तर त्या दिवशी रिक्षा बरी.

बाकीच्या, थोडक्यात

पक्ष्याची विष्ठा वाळल्यावर नखाने खरवडू नका. ओला फडका पाच मिनिटं ठेवून उचलून घ्या, आणि हे त्याच दिवशी करा. नव्या रस्त्याचं डांबर उडालं असेल तर खोबरेल तेल लावून मऊ होऊ द्या, मग शॅम्पू. धुळीच्या किंवा ओल्या गाडीवर कव्हर घालू नका. डॅशबोर्डला सिलिकॉनची चमक नको, काचेत प्रतिबिंब पडतं आणि धूळ चिकटते. स्टिअरिंग आणि पेडलला तर ते कधीच नाही. वायपरच्या पाण्याच्या टाकीत कपड्यांची पावडर टाकू नका. वायपरखालची सुकी पानं काढत जा. दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी जायची छिद्रं असतात, पावसाळ्याआधी ती काडीने मोकळी करा. गावाहून डिकीत कांद्याची गोणी किंवा द्राक्षांचे क्रेट आणताना खाली ताडपत्री टाका आणि त्याच संध्याकाळी डिकी उघडी ठेवा. शेव-चिवड्याचे पुडे गाडीत राहिले की उंदीर येतात, आणि मग वायरिंगचं बिल येतं. इंजिनावर प्रेशरचं पाणी मारू देऊ नका.

सिरॅमिक कोटिंगबद्दल, म्हणजे रंगावर चढवायच्या संरक्षक थराबद्दल, सारखं विचारतात. चांगलं असतं, पाणी सरकतं, धुणं सोपं होतं. पण त्यावर कोरडा फडका मारला तर तशाच रेघा पडतात. ज्यांना दोन बादल्यांचा कंटाळा आहे, त्यांनी त्यात हजारो रुपये घालू नयेत. लहान गाडीला मे महिन्याच्या शेवटी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, सावलीत, स्वच्छ धुतलेल्या पत्र्यावर चांगलं वॅक्स पुरेसं आहे. पाणी टाकल्यावर थेंब गोल उभे राहायचे थांबले आणि पसरायला लागले, की पुन्हा लावायची वेळ झाली.

आणि धुतल्याबरोबर हँडब्रेक ओढून गाडी दोन दिवस उभी करू नका, ओले ब्रेक चिकटतात. सोसायटीभोवती एक फेरी मारा, दोन-तीनदा हलका ब्रेक दाबा, मग जागेवर लावा.