रिटर्नची मुदत संपताना : नोकरीही आहे आणि वावरही आहे, त्यांनी या चुका टाळा

पोळा झाला, महालक्ष्म्या झाल्या, गणपतीही बोळवले. समोर होती १५ सप्टेंबर २०२५ ही तारीख (ती ऐनवेळी एका दिवसाने वाढली). २०२४-२५ या आर्थिक वर्षाचं आयकर रिटर्न भरायची मुदत नेहमीसारखी ३१ जुलैला संपायची, ती त्या वर्षी दीड महिना वाढवून मिळाली. तरीही माझ्या टेबलावरच्या निम्म्या फाइली शेवटच्या आठवड्यात आल्या. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी हे काम करतो. येणाऱ्यांत जिल्हा परिषदेचे शिक्षक, ग्रामसेवक, एसटीचे वाहक, निवृत्त गुरुजी, किराणा आणि कृषी केंद्र चालवणारे असतात, आणि जवळपास प्रत्येकाच्या घरी वावर, म्हणजे शेत, असतं. शहरातल्या पगारदारासाठी लिहिलेली माहिती त्यांना अर्धीच लागू पडते. राहिलेली अर्धी सांगावी म्हणून हे लिहितो आहे.

आधी कॅलेंडर बघा. १५ तारखेला सोमवार होता. त्याआधीचा १३ तारखेचा शनिवार महिन्यातला दुसरा, म्हणजे बँका बंद, आणि मग रविवार. बँकेत जाऊन करायचं जे काही होतं ते शुक्रवारी १२ तारखेलाच उरकायला हवं होतं. खात्याला जुना मोबाइल नंबर जोडलेला असणं, पॅनवर एक नाव आणि पासबुकात दुसरं असणं, या कारणांनी खातं आयकर खात्याच्या पोर्टलवर प्रमाणित होत नाही आणि परतावा, म्हणजे जादा कापलेला कर, अडकतो. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे. तिथे खातं असेल तर आयएफएससी कोड कोणता टाकायचा हे शाखेत विचारूनच पोर्टलवरचं खातं तपासा.

"वावराचं उत्पन्न रिटर्नमध्ये टाकायचंच नाही"

मी सर्वाधिक वेळा दुरुस्त करतो ती चूक हीच. समोरचा माणूस खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं वाटत असतं. परवा एक शिक्षक म्हणाले, "सर, वावराचं काहून टाकता? त्याले तं टॅक्स नाही ना!" शेतीच्या उत्पन्नावर थेट आयकर नाही, हे बरोबर आहे. पण तुमचं बाकीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल आणि शेतीचं निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांपेक्षा जास्त असेल, तर पगारावर किती कर लागेल हे काढताना शेतीचं उत्पन्न हिशेबात धरलं जातं.

हे २०२४-२५ च्या दरांनी आकड्यात पाहू. साठ क्विंटल लांब धाग्याचा कापूस ७,५२१ रुपये या त्या वर्षीच्या हमीभावाने विकला, तर हाती येतात ४,५१,२६० रुपये. बियाणं, खत, फवारणी, निंदण, वेचाई, गाडीभाडं मिळून २,५१,२६० रुपये खर्च झाला असं धरा. म्हणजे निव्वळ २ लाख उरले. गुरुजींचा पगार प्रमाणित वजावट जाऊन ९ लाख आहे आणि त्यांनी नवीन करपद्धत घेतली आहे. शेती लपवली तर कर येतो ४०,००० रुपये. शेती दाखवली तर आधी ९ आणि २ मिळून ११ लाखांवरचा कर काढायचा, तो ६५,०००. मग शेतीच्या २ लाखांत ३ लाखांची करमुक्त मर्यादा मिळवून ५ लाखांवरचा कर काढायचा, तो १०,०००. वजाबाकी ५५,०००. म्हणजे १५,००० रुपये जास्त, उपकर धरून १५,६००. ही रक्कम लहान नाही, हे मला मान्य आहे. पण उत्पन्न कमी दाखवल्याचं निघालं तर त्या करावर ५० टक्के दंड आहे, आणि जाणूनबुजून चुकीचं दाखवल्याचं ठरलं तर २०० टक्के.

२०२४-२५ साठी नवीन करपद्धतीत करपात्र उत्पन्न ७ लाखांच्या आत असेल तर फार घाबरू नका. कलम ८७ए ची २५ हजारांपर्यंतची सूट बहुतेकांचा हा वाढीव कर पुसून टाकते. त्यांना शेती दाखवून खिशातून काही जात नाही, तरीही लपवतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

यातूनच पुढची चूक होते, ती फॉर्मची. आयटीआर-१ सोपा असतो, पोर्टलवर अर्धा भरलेलाच उघडतो, म्हणून सगळे तोच धरतात. त्यात शेतीचं उत्पन्न ५,००० रुपयांपर्यंतच चालतं. त्यापुढे पगारदाराला आयटीआर-२ लागतो. दुकानदारांच्या आयटीआर-४ लाही ५,००० ची हीच अट आहे. फॉर्मात बसावं म्हणून ४,९०० रुपये लिहिणारे मी पाहिले आहेत. आठ एकर ओलिताच्या वावराचं वर्षाचं उत्पन्न ४,९०० रुपये, हे लिहिताना आपला आपल्यालाच विश्वास बसायला हवा.

उलट्या बाजूने जाणारेही आहेत. दुकानाचा नफा, व्याज, कुणाकडून आलेली रोकड, सगळं शेतीत दाखवून मोकळं व्हायचं. निव्वळ शेती उत्पन्न ५ लाखांच्या वर गेलं की रिटर्नमध्ये जमीन कोणत्या जिल्ह्यात, किती एकर, स्वतःची की ठेक्याची, ओलिताची की कोरडवाहू, हे सगळं लिहावं लागतं. सातबाऱ्यावर चार एकर कोरडवाहू आणि उत्पन्न ९ लाख, हे जुळत नाही. दुधाचा धंदा, कोंबड्या, शेळ्या, दुसऱ्याच्या वावरात भाड्याने चालवलेला ट्रॅक्टर यांचं उत्पन्न कायद्याने शेतीचं नाही. वावर ठेक्याने दिलं असेल तर त्याचा ठेका मात्र शेतीच्याच उत्पन्नात धरतात.

कागद जपा. जिनिंगवरच्या काट्याची पावती, बाजार समितीची पट्टी, कृषी केंद्राची बिलं, सातबारा. रिटर्नसोबत काही जोडायचं नसतं, पण उद्या विचारणा झाली तर हेच कागद तुमची बाजू मांडतात.

"टीडीएस कापला नाही, म्हणजे टॅक्स नाही"

पतसंस्थेतल्या ठेवीच्या व्याजाबद्दल हे वाक्य रोज ऐकतो. सभासदाच्या व्याजावर पतसंस्था बऱ्याचदा टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापत नाही, म्हणून ते २६एएस या कापलेल्या कराच्या तक्त्यात दिसत नाही. पण ते करपात्रच असतं. पासबुक भरून आणा आणि १ एप्रिल ते ३१ मार्च या आर्थिक वर्षातलं सगळं व्याज मोजा. बँकेच्या मुदत ठेवीचंही तसंच. कर कापू नका असं सांगणारा १५जी किंवा १५एच फॉर्म भरून दिला की टीडीएस थांबतो, उत्पन्न नाहीसं होत नाही.

रिटर्न पाठवायच्या आधी २६एएस आणि एआयएस (खात्याकडे असलेला तुमच्या व्यवहारांचा तक्ता) उघडून फॉर्म १६ शी, म्हणजे कार्यालयाने दिलेल्या पगार-कराच्या दाखल्याशी, ताडून बघा. पगारातून कर कापला, फॉर्म १६ वरही आहे, पण २६एएस मध्ये शून्य, असं होतं. बहुतेक वेळा कार्यालयाने टीडीएसचं विवरण भरताना पॅन चुकवलेला असतो. अशा वेळी कार्यालयाकडे लेखी अर्ज देऊन दुरुस्त विवरण भरायला लावा. दुरुस्ती न करता तसाच दावा ठोकला तर कराची मागणी तुमच्याच नावाने निघते.

ज्यांना वेतनाची थकबाकी मिळाली आहे त्यांनी कलम ८९ ची सवलत घेताना फॉर्म १०ई आधी भरायचा आणि रिटर्न नंतर. क्रम उलटला की सवलत नाकारली जाते.

ओटीपी, पासवर्ड आणि दुसऱ्याचा ईमेल

२०२४ च्या पावसाळ्यात एक निवृत्त गुरुजी आले. रिटर्न एका केंद्रात ३१ जुलैच्या रात्री भरलं होतं, पावती प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून जपून ठेवलेली. म्हणाले, परतावा आला नाही. मी पोर्टल उघडायला पासवर्ड विचारला, तो त्यांना कुणी दिलाच नव्हता. नोंदणीला ईमेल केंद्राचा, मोबाइल नंबरही केंद्राचाच. तो बदलून आत शिरलो तर रिटर्न पाठवलेलं होतं, पडताळणी मात्र झालेली नव्हती. त्या रात्री ओटीपी गेला होता पुण्याला, मुलाच्या फोनवर, कारण आधारला नंबर मुलाचा. मुलगा झोपलेला, आणि ओटीपी जगतो पंधरा मिनिटं. गुरुजींच्या लेखी रिटर्न भरून झालं होतं. खात्याच्या लेखी ते भरलेलंच नव्हतं. त्यांनी पिशवीतली पावती पुन्हा काढून माझ्यासमोर सरळ केली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. विलंब माफीचा अर्ज करावा लागला आणि पैसे फार उशिरा आले.

म्हणून सांगतो, रिटर्न पाठवल्यापासून ३० दिवसांत पडताळणी व्हायलाच हवी. त्यानंतर केली तर पडताळणीची तारीख हीच भरल्याची तारीख धरतात, म्हणजे रिटर्न उशिराचं ठरून शुल्क लागतं. आधारचा ओटीपी जमत नसेल तर नेट बँकिंगने किंवा प्रमाणित बँक खात्यावरून करता येते. तेही नसेल तर पावती सही करून स्पीड पोस्टाने बेंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राला पाठवा, आणि ती ३० दिवसांत तिथे पोहोचेल अशा बेताने पाठवा. गावात रेंज नसेल तर फोन घेऊन तालुक्याला या, पण ओटीपी येणारा फोन तुमच्याच हातात असू द्या.

पोर्टलवर मोबाइल आणि ईमेल तुमचाच हवा. रिटर्न सदोष असल्याची नोटीस त्याच ईमेलवर येते आणि उत्तराला १५ दिवस मिळतात. ती दुसऱ्याच्या डब्यात पडून राहिली तर तुमचं रिटर्न रद्द होऊ शकतं, तुम्हाला न कळता. पासवर्ड वहीत लिहा, वही घरी ठेवा.

बँकेसाठी रिटर्न, आणि योजनांची भीती

ट्रॅक्टरचं किंवा घराचं कर्ज काढायचं म्हणून पोरांना कुणीतरी सांगतं, साडेसहा लाख उत्पन्न दाखव, टॅक्स शून्य येतो. धंदा नाही, बिल नाही, नुसता आकडा. रिटर्नखाली तुम्ही खरं असल्याचं प्रतिज्ञापूर्वक सांगता, आणि खोट्या विधानावर खटल्याची तरतूद आहे. घरात तहसीलच्या दाखल्यावर एक उत्पन्न आणि रिटर्नवर दुसरं, असं झालं की दोन्ही कागद संशयात येतात.

दुसऱ्या टोकाला, रिटर्न भरलं की पीएम किसान बंद होईल या भीतीने भरायचं टाळणारे आहेत. पीएम किसानची अट मागच्या कर निर्धारण वर्षात आयकर भरलेल्यांसाठी आहे. लाडकी बहीण योजनेत कुटुंबातला सदस्य आयकरदाता नसावा अशी अट आहे. परतावा मागायला भरलेलं शून्य कराचं रिटर्न आणि आयकर भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला कर लागतो त्याने मात्र योजनेसाठी रिटर्न दडवू नये.

आणि परताव्यातले दहा टक्के मागणाऱ्यांपासून लांब राहा. राजकीय पक्षाला देणगी, न भरलेलं घरभाडं, नसलेला विमा लिहून ते मोठा परतावा काढून देतात. २०२५ मध्ये १४ जुलैला आयकर खात्याने अशा खोट्या वजावटींसाठी देशभरात १५० ठिकाणी कारवाई केली. दहा टक्के घेणारा निघून जातो. कर, व्याज आणि दंड पॅन ज्याचा आहे त्याच्याकडून वसूल होतो.

चलानवरचं वर्ष

छोटी गोष्ट, पण दरवर्षी दोन-तीन जण अडकतात. २०२४-२५ हे आर्थिक वर्ष, त्याचं कर निर्धारण वर्ष २०२५-२६. चलान भरताना २०२४-२५ निवडलं की पैसे मागच्या वर्षात जमा होतात आणि २०२५-२६ च्या रिटर्नला कर थकलेला दिसतो. चूक लक्षात आली तर पोर्टलवर चलान दुरुस्तीची सोय आहे, त्याच दिवशी करून टाका.

मुदत चुकलीच तर

२०२४-२५ साठी ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत उशिराचं रिटर्न भरता येत होतं. एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क १,००० रुपये, त्यापेक्षा जास्त असेल तर ५,०००. कर बाकी असेल तर दरमहा १ टक्का व्याज. पगारदारासाठी त्याहून मोठं नुकसान हे की जुनी करपद्धत हातून जाते, कारण ती मुदतीतल्या रिटर्नमध्येच निवडता येते. गृहकर्ज, भविष्य निर्वाह निधी, विमा यांची वजावट धरून बसलेल्या शिक्षकाला हा फटका पाच हजारांच्या शुल्कापेक्षा कितीतरी मोठा बसतो, म्हणून अशा फाइली मी आधी हातात घेतो.

मुदतीत भरलं पण काही राहून गेलं, तर त्याच ३१ डिसेंबरपर्यंत सुधारित रिटर्न भरता येत होतं. पतसंस्थेचं पासबुक मुदतीपर्यंत हाती आलं नाही तर असलेल्या कागदांवरून प्रामाणिक आकडा टाकून रिटर्न भरा, पासबुक आलं की सुधारा. ३१ डिसेंबरही गेला तर अद्ययावत रिटर्नचा रस्ता चार वर्षं खुला राहतो, पण त्यात जादा कर भरावा लागतो आणि परतावा मागता येत नाही.